छोटी गेली

स्टेशनचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि रिकाम्या बाईला काम सांगायला आमच्या गोंदियात कुणी लाजत नाही. स्टेशनला नवं रूप येऊ घातलंय, तर त्या निमित्तानं एक पुस्तिका काढावी असं गावातल्या चार उत्साही मंडळींनी ठरवलं. "मॅडम, आप ही लिखो. इतिहास आपका सब्जेक्ट, और पिताजी भी रेलवे में थे," असं म्हणून त्यांनी माझ्या घरचे पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला आणि निघून गेले. मी वही उघडून बसले.

इतिहास शिकवणं सोपं होतं. पुस्तकात जे छापलंय ते फळ्यावर लिहायचं. इथं पुस्तकच नव्हतं. मग मी रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायला लागले आणि जो सापडेल त्याला विचारायला लागले. ज्याचं त्याचं स्टेशन निराळं. चहावाल्याच्या मते स्टेशन त्याच्या आजोबांच्या शेगडीपासून सुरू होतं. तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं मला ठासून सांगितलं, की इथं गिरण्या नसत्या तर एकही मोठी गाडी थांबली नसती. तेंदूपत्त्याची पोती वाहून पाठ वाकलेला एक जुना हमाल म्हणाला, "बाई, हे टेसन बिडीच्या धुरावर उभं झालं. लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

बसल्याबसल्या मला एक जाणवलं. आमचं स्टेशन खरं तर दोन स्टेशनं आहेत. हावड्याहून मुंबईकडं जाणारी मोठी लाईन एकीकडं, आणि बालाघाटकडं नि खाली अर्जुनी-नागभीडकडं फुटणाऱ्या लाईनी दुसरीकडं. मोठ्या लाईनवर सुटकेसवाले, नागपूरला रोज जाऊन-येऊन शिकणारी पोरं, नागझिऱ्याचा वाघ बघायला आलेले टोपीवाले, छत्तीसगडातून कामाला निघालेली बिऱ्हाडं. दुसऱ्या बाजूला गाठोडीवाले, दुधाचे कॅन खिडकीला अडकवणारे, नातवाला दवाखान्यात आणलेल्या बाया. मोठ्या लाईनवरची माणसं जगात जायची आणि दुसरीकडची माणसं घरी जायची. लहानपणापासून मी हे बघत आले, पण लिहायला बसेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

या दुसऱ्या बाजूला एकेकाळी अडीच फुटी रूळ होते. त्यावरून धावणाऱ्या गाडीला आमच्याकडं सगळे छोटी म्हणायचे. छोटी गाडीसुद्धा नाही, नुसतं छोटी. छोटी आली का, छोटी भरली का, छोटीनं जाशील का बडीनं. ती धावायची हळू. चढावर तर उतरून बाजूला लघवी करून पुन्हा चढता येतं, असं लोक हसून सांगायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पुढं ते अरुंद रूळ उखडले गेले, रुंद रूळ आले, वरती विजेच्या तारा आल्या. आता त्या बाजूनं जाणारी गाडी चांगली लांबलचक असते. तरी रिक्षावाला अजूनही विचारतो, "छोटी लाइन साइड उतरोगे क्या?" मला या गोष्टीचं भारी कौतुक. म्हणून मी पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणाचं नावच ठेवलं, 'आमची छोटी'.

हा मसुदा मी बाबांना वाचायला दिला.

बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. उभी नोकरी त्यांनी त्या छोट्या रुळांवर काटेवाला म्हणून काढली. काटेवाला म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारा माणूस. लोखंडी दांडा ओढायचा, रूळ सरकले की कुलूप घालायचं, झेंडी दाखवायची. स्टेशन मास्तर बाहेर गेले की फोनही बाबाच उचलायचे. अजून त्यांचे तळहात लाकडासारखे कडक आहेत. स्वभाव शिस्तीचा, बोलणं मोजकं. दोन दिवस त्यांनी मसुदा चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचला. तिसऱ्या दिवशी परत दिला तेव्हा मी उघडून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. जिथं जिथं मी 'छोटी' लिहिलं होतं, तिथं तिथं त्यांनी ते खोडून बारीक अक्षरात 'नॅरोगेज' लिहिलं होतं. शीर्षकसुद्धा सोडलं नव्हतं. 'आमची नॅरोगेज'.

"काऊन खोडलं बाबा?"

"नॅरोगेजच होय ते."

"सारा गाव छोटी म्हणते. तुमालेच काय वावडं हाय?"

"म्हणो गाव. पुस्तकात बराबर लिहाव."

हे काही नवं नव्हतं. बाबांच्या तोंडून मी जन्मात 'छोटी' हा शब्द ऐकला नव्हता. शेजारीपाजारी, त्यांचे सोबतचे, अगदी मास्तरसुद्धा छोटी म्हणायचे, आणि आमचे बाबा एखाद्या साहेबासारखे तोंड भरून नॅरोगेज म्हणायचे. आई त्यांची थट्टा करायची, "आमच्या घरी इंग्रज हाय एक." मीही कॉलेजात असताना त्यांना चिडवायचे. आम्ही सगळे समजत होतो, की नोकरीचा अभिमान आहे माणसाला, असू दे. ते कधी चिडले नाहीत आणि कधी बदललेही नाहीत.

पण त्या दिवशी मी चिडले. मास्तरणीचा मसुदा खोडणं म्हणजे काय! मी म्हणाले, लोकांचा शब्द हाच इतिहास असतो, सरकारी शब्द कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ज्या गाडीनं आपल्या घराला जेवू घातलं तिला घरचं नाव द्यायला तुमची जीभ का रेटत नाही? बरंच बोलले. चाळीस पोरांच्या वर्गावर ओरडून ओरडून माझा आवाज असाच चढतो. बाबा ऐकत राहिले. मग उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं रागावून गेले. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक लुगडं घेऊन बाहेर आले.

ते लुगडं मला माहीत होतं. हिरवं, लाल काठाचं, नऊवारी, कधीही न मोडलेल्या घडीचं. आई होती तोवर ती दर दिवाळीच्या आधी त्याला ऊन द्यायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणायची, "तुह्या बाबाले विचार." आणि बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "राहू दे." आई गेल्यावर ऊन द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं.

बाबांनी लुगडं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "तुह्या आत्याचं होय."

मला एक आत्या होती आणि ती मी अगदी लहान असताना तापानं वारली, एवढंच मला ठाऊक होतं. दिली होती खाली अर्जुनीकडं, स्टेशनाला लागून असलेल्या एका गावात. तिच्या घरी आमचं जाणं-येणं नव्हतं. बाबा तिच्या मातीला गेले नव्हते, कारण रजा मिळाली नाही, असं घरात सांगितलं जायचं. त्यावरून तिच्या घरच्यांनी संबंध तोडला असावा, असं मी धरून चालले होते. दर वर्षी महाशिवरात्रीला शेजारचे कुणी अर्जुनीजवळच्या प्रतापगडच्या जत्रेला जाऊन आले, की बाबा त्यांना एवढंच विचारायचे, "तिकडचे लोकं बरे हायेत ना?" कोण लोक, हे कधी सांगायचे नाहीत.

"तिले घरी काय म्हणत, माहीत हाय?" बाबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"छोटी."

आजी बालाघाटकडची. तिच्या तोंडात हिंदी आणि पोवारी इतकी मिसळलेली, की धाकट्या मुलीला तिनं लहानी न म्हणता छोटी म्हटलं, आणि साऱ्या घरानं तेच उचललं. बाबा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे. तिला खांद्यावर बसवून छोटी दाखवायला न्यायचे. 'छोटी छोटी पाहायले चालली,' असं सगळे हसायचे. पुढं ती त्याच छोटीत बसून सासरी गेली, आणि बाबांनी त्या गाडीला झेंडी दाखवली. इथवर सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर थोडं हसूसुद्धा होतं.

मग त्यांनी तो दिवस सांगितला.

आत्याला ताप असल्याचा निरोप चार दिवसांपूर्वी आला होता. बाबांची सुट्टी दोन दिवसांनी होती, तेव्हा जाऊन येऊ असा त्यांचा विचार होता. त्या दिवशी सकाळी तिकडून येणारी छोटी लेट होती. आदल्या सांजेला वादळ झालं होतं, जंगलात रुळावर झाड पडलं होतं, आणि गाडी नेमकी आत्याच्या गावच्या स्टेशनात अडकून उभी होती. इकडं गोंदियाच्या फलाटावर ही गर्दी. बाजाराचे लोक, दवाखान्याचे लोक. दर पाच मिनिटाला कुणीतरी येऊन बाबांना विचारणार, "छोटी निघाली का?" त्या काळी साऱ्या लाईनचे फोन एकाच तारेवर असायचे, खरखर एवढी की ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे. बाबा सकाळपासून तिकडं फोन लावून विचारत होते, छोटी सुटली का? तिकडून उत्तर येत होतं, उभीच हाय.

मास्तर फलाटावर लोकांची समजूत घालायला गेले आणि फोन वाजला. बाबांनी उचलला. खरखरीतून एक आवाज आला, चिरकल्यासारखा.

"छोटी गेली."

बाबांनी मला ते सांगताना आवाज अगदी सपाट ठेवला होता. ड्यूटीवरची माहिती द्यावी तसा.

"मंग तुमी काय म्हणले?"

"म्हणलो, गेली का? बरं झालं बापा! सकाळपासून वाट पाहून राहिलो होतो."

आणि फोन ठेवून ते फलाटावर ओरडले, की छोटी सुटली. लोक खूश झाले.

माझ्या हातात अजून तो मसुदा होता. आत्याचे यजमान, आमच्या बोलीत फुफाजी, तिकडच्या स्टेशन मास्तरांच्या पाया पडून त्यांच्या फोनवरून आपल्या साळ्याला बायको गेल्याचं कळवत होते. आणि इकडून त्यांना ऐकू आलं, बरं झालं, सकाळपासून वाट पाहून राहिलो होतो.

गाडी त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. सुटली म्हणून खोटंच सांगितलं, म्हणून मास्तरांनी बाबांना चारचौघांत झापलं. बाबांनी मनातल्या मनात तिकडच्या माणसाला, ज्यानं गेली म्हणून कळवलं होतं त्याला, चांगल्या शिव्या घातल्या. मग इंजिन फिरवून तीच गाडी दुपारी परत खाली निघाली. आत्याच्या गावी जाणारी त्या दिवसाची तेवढीच गाडी होती. तिला बाबांनी काटा लावून दिला, हिरवी झेंडी दाखवली, आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत नियमाप्रमाणं उभे राहिले.

आमच्याकडं सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं. भाऊ ते घेऊन येतो, ते अंगावर घालतात आणि मग तिला उचलतात. दुसऱ्या दिवशी तिच्या गावचा एक माणूस निरोप घेऊन आला तेव्हा बाबा बाजारात धावले. हे हिरवं लुगडं घेतलं आणि गाडीत बसले. पोहोचले तेव्हा राख थंड झाली होती. फुफाजी दारात उभे होते. त्यांनी बाबांना आत या म्हटलं नाही.

"आता कायले आले?" ते म्हणाले. "बरं झालं ना?" आणि आत निघून गेले.

बाबांना काही उमगेना. लुगडं काखेत धरून ते तसेच स्टेशनवर आले, परतीच्या गाडीत बसले. गाडी निघाली. मागं राहिलेल्या फलाटावरून कुणीतरी कुणाला ओरडून सांगितलं, "अरे, छोटी गेली ना!" तेव्हा त्यांना कळलं.

"मंग परत जाऊन सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगाव? मी म्हणलोच ना तसं. माह्याच तोंडानं म्हणलो." बाबा लुगड्याच्या काठावरून अंगठा फिरवत होते. "आन् असं झालं म्हणून सांगतलो असतो तर कोण मानलं असतं? म्हणाले असते, पाह्य, बहाणा कसा शोधून आणला."

आईला त्यांनी सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही; इंग्रज म्हणून थट्टा करून ती आमचे प्रश्न परतवत होती, हे मला आता कळलं. लोकांना रजेचं कारण सांगितलं. आणि त्या दिवसापासून तो शब्द तोंडातून काढून टाकला. ज्या लाईनवर दिवसातून पन्नास वेळा तो शब्द कानावर पडतो, तिथंच पुढची सारी नोकरी केली. आणि आम्ही घरात हसत होतो, इंग्रज म्हणून. मला माझी अशी लाज वाटली, की त्यांच्याकडं बघवेना.

खरं सांगायचं तर माझा पहिला विचार असा होता, की आता हे उकरून काय उपयोग. दुसरा विचार लगेच आला, की फुफाजी आहेत का अजून? मी विचारलं. बाबांना माहीत होतं. जत्रेहून आलेली माणसं न विचारता सांगायचीच. आहेत, थकलेत, काठी घेऊन चालतात. म्हणजे दोघंही होते. एकाला वाटत होतं की साळ्यानं माझ्या बायकोच्या मरणावर बरं झालं म्हटलं, आणि दुसऱ्याला ते पुसता येत नव्हतं. यातलं एक जण आधी गेलं की मग कायमचंच.

मी म्हणाले, आपण जाऊ. बाबा म्हणाले, नाही. चार दिवस आमचं हे चाललं. मी भाकरी वाढताना विषय काढायचे, ते ताटावरून उठायचे. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. त्यावर ते म्हणाले, "तुले कोण ओळखणार?" यातच त्यांचा होकार होता हे मला दुसऱ्या सकाळी कळलं. ते आंघोळ करून, धोतर नेसून, पिशवीत लुगडं घालून बाहेरच्या खुर्चीवर बसले होते.

गाडीत बाबा खिडकीशी बसले. मला वाटलं होतं वाटेत ते काही दाखवतील, इथं ही केबिन होती, तिथं पाण्याची टाकी होती, माझ्या पुस्तिकेला तेवढाच मजकूर. काही दाखवलं नाही. धान कापून झालेल्या शेतांच्या बांध्या मागं पडत होत्या, मग जंगल लागलं. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. एकदाच म्हणाले, "लवकर जाते आता."

फुफाजींचं घर शोधावं लागलं नाही, बाबा सरळ चालत गेले. अंगणात खाटेवर एक म्हातारा बसला होता, काठी बाजूला टेकवलेली. सून पाणी घेऊन आली. मुलगा शेतावर गेलाय म्हणाली. कोण आलं म्हणून फुफाजी डोळे बारीक करून बघत होते. बाबांनी आपलं गाव सांगितलं, नातं सांगितलं. फुफाजींचा चेहरा बंद झाला. पण ते बसा म्हणाले. म्हातारपणी माणूस दारातून परत पाठवत नाही.

बाबा बसले नाहीत. उभ्या-उभ्याच बोलले. वादळ, झाड, गाडी उभी, लोक विचारून राहिले होते, फोन आला. ड्यूटीवर मास्तरांना सांगावं तसं, एकही शब्द जास्त नाही, स्वतःची बाजू नाही. शेवटी म्हणाले, "जवाई, मले वाटलं गाडी गेली. छोटी म्हणजे गाडी. मी गाडीले बरं झालं म्हणलो."

किती वर्षांनी गाडीला म्हणून तो शब्द त्यांच्या तोंडातून आला, आणि तो म्हणताना ते अडखळले.

फुफाजींनी काठी उचलली आणि पुन्हा खाटेला टेकवली. सून दारात उभी होती, तिला काही कळत नव्हतं. मला वाटलं, संपलं, बहाणाच वाटला यांना. मी बाबांचा हात धरायला पुढं झाले.

"गाडी होती उभी," फुफाजी म्हणाले. माझ्याकडं नाही, बाबांकडंही नाही, जमिनीकडं बघून. "मी फोन करायले गेलो तवा इथंच उभी होती. लोकं खाली उतरून झाडाखाली बसले होते. माह्या डोळ्यासमोर उभी होती जी छोटी."

मग ते बाबांकडं वळले. "भाऊ, मी तिचं नाव घेतलो असतो तर झालं नसतं हे."

आणि त्यांनी ते सांगितलं, जे बाबांच्याही मनात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. त्यांच्या पिढीत नवराही बायकोचं नाव घेत नसे. हाक मारायची तर अगं नाही, ए नाही, नुसतं खाकरायचं. फोनवर काय म्हणावं हे त्यांना सुचेना. मरणातसुद्धा नाव घ्यायची लाज वाटली. मग त्यांना आठवलं, हिला माहेरी छोटी म्हणतात. भावाला भावाच्याच शब्दात सांगावं. म्हणून छोटी म्हणाले. तिच्यासाठी त्यांनी तो शब्द त्याआधी कधी वापरला नव्हता, त्यानंतरही कधी नाही. आणि बाबांचं उत्तर त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. गावाला सांगितलं, फोन लागला, पण खरखरीत पलीकडचं काही ऐकू आलं नाही. मेलेल्या बायकोच्या माहेराला नावं ठेवलेली त्यांना चालणार नव्हती. निरोप पोहोचला असेल असं धरून म्हाताऱ्या माणसांनी दुपारच्या गाडीपर्यंत माती थांबवली, भाऊ लुगडं घेऊन येईल म्हणून. येणार नाही हे एकट्या फुफाजींना माहीत होतं, तरी तेही स्टेशनवर जाऊन उभे राहिले होते. गाडी आली, चार माणसं उतरली, गाडी गेली.

दोन म्हातारे समोरासमोर होते आणि दोघांकडं त्या दिवसाचा अर्धा-अर्धा तुकडा होता. मी आयुष्यभर पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. एका शब्दानं दोन घरं अशी तोडता येतात हे मी कधी शिकवलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाबा मात्र कोरडे उभे होते. ते तसेच असतात, आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

फुफाजींनी काठी घेतली आणि ते खाटेवरून उठले. सून धरायला आली तर तिला हातानं थांबवलं. हळूहळू चालत बाबांच्या अगदी जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता सांगतो, भाऊ. तवा सांगायले पायजे होतं तसं सांगतो."

आणि त्यांनी आत्याचं नाव घेतलं. पूर्ण, स्पष्ट, सुनेसमोर, माझ्यासमोर. मला ते नाव तोवर माहीत नव्हतं, आणि ते मी इथं लिहिणार नाही, कारण ते घ्यायला त्यांना एवढं आयुष्य लागलं.

"गेली," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा मी बघत होते. तो एकदम चुरगळला. पंच्याऐंशीचा माणूस, पण रडला तो तिच्या नऊ वर्षांनी मोठ्या भावासारखा, तोंड उघडून, आवाज करून. जणू निरोप आज पोहोचला. मग बहिणीची बातमी आल्यावर भाऊ जे विचारतो ते त्यांनी विचारलं.

"केव्हा?"

"आताच," फुफाजी म्हणाले. "लुगडं घेऊन या, भाऊ. वाट पाहून राहिलो."

बाबांनी पिशवीतून लुगडं काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं धरलं.